मापात पाप नको : लेथच्या चकची चावी शोधावी कशी, बनवावी कशी



आमचा धंदा कापडाचा. लोखंडाशी आमचा संबंध कात्री, मीटरपट्टी आणि दुकानाचे शटर एवढाच. तरीही आज या पानावर आम्ही लेथ मशीनच्या एका लहानशा चावीविषयी लिहीत आहोत. त्या चावीच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत आमच्या भाच्याच्या हाताने मोजली. आपल्या समाजातील पुष्कळ मुले आयटीआय करून वेल्डिंगचे, टर्निंगचे गाळे टाकत आहेत. त्यांच्यामागे पैसा लावणारे बहुधा आमच्यासारखे मामा, चाचा किंवा थोरले भाऊ असतात. त्यांना मशीनमधले फारसे कळत नाही, पण सल्ला देण्याची घाई असते. हा लेख अशा दोघांसाठीही आहे.

आमची चूक

आमच्या आपांचा मुलगा टर्नरचा कोर्स करून काही वर्षे बाहेर नोकरीला होता. परत आल्यावर त्याने हिंगोलीत औंढा रोडला एक गाळा घेतला. एका बंद पडलेल्या कारखान्याचा जुना लेथ विकायला होता, तो त्याने पसंत केला. निम्मे पैसे त्याचे, निम्मे आमचे आणि नफ्यातही निम्मा वाटा, असे ठरले. लेथ ट्रकने आला. बेड आला, हेडस्टॉक आला, आठ इंची तीन जॉचा चकही आला. चकची चावी मात्र आली नाही. विकणाऱ्याकडे पान्यांची पेटी होती की नव्हती, हे विचारायचे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

दिवस हळदीच्या हंगामाचे होते. आपल्या जिल्ह्यात हळद म्हणजे काय, हे सांगायला नको. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळद उकडायची, वाळवायची आणि मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. त्या ड्रमचे शाफ्ट झिजतात, बुश खराब होतात, पुल्या सैल होतात. ही सगळी कामे लेथवर येतात आणि शेतकरी दाराशी उभा असतो. त्याच्या मालाला थांबायला वेळ नसतो.

आम्ही कापडाच्या खरेदीला नांदेडला गेलो होतो. भाच्याचा फोन आला, "मामू, येताना चकची चावी घेऊन या." हार्डवेअरच्या दुकानदाराने पहिला प्रश्न केला, माप काय? आम्ही भाच्याला विचारले. त्याच्याकडे तेव्हा साधी स्टीलची पट्टी होती. तो म्हणाला, बारा मिलिमीटरपेक्षा जास्त आहे, तेरापेक्षा कमी. दुकानात बाराची चावी होती आणि चौदाची होती. चौदाची आत जाणार नव्हती. आम्ही म्हणालो, बाराची आत जाईल ना, मग झाले. भाचा म्हणाला, "मामू, ढिली पडेल." आम्ही म्हणालो, "कामापुरती चालव, हंगाम संपू दे." मोठ्या माणसाचा शब्द त्याने मोडला नाही.

दहाव्या दिवशी एक शाफ्ट घट्ट आवळताना चावी भोकात सटकली आणि त्याचा हात जॉच्या कडेवर आपटला. तळहाताला चार टाके पडले. चकच्या त्या भोकाचे कोपरे गोल झाले. आठ दिवस लेथ बंद राहिला आणि दाराशी आलेली कामे दुसरीकडे गेली.

कापडाच्या धंद्यात ढिले चालते. कपडा सैल झाला तर शिंपी आत शिलाई मारून बसवतो. लोखंडाला शिलाई मारता येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

चकच्या पोटात काय असते

हात बांधलेल्या भाच्याला घेऊन आम्ही एका वृद्ध उस्तादांकडे गेलो. त्यांची सारी उमर मिलच्या वर्कशॉपमध्ये गेली आहे. त्यांनी आमची बाराची चावी पाहिली, चक पाहिला आणि म्हणाले, "सेठ, आत जाणे वेगळे आणि बसणे वेगळे." मग त्यांनी चक खोलून दाखवला. त्या दिवशी जे पाहिले ते आमच्या भाषेत सांगतो.

तीन जॉच्या चकच्या गोल अंगावर तीन चौकोनी भोके दिसतात. प्रत्येक भोक म्हणजे आत बसवलेल्या एका लहान दातेरी चाकाचे तोंड असते. या चाकाला पिनियन म्हणतात. तिन्ही पिनियनचे दाते आतल्या एका मोठ्या गोल चकतीच्या पाठीवरील दात्यांत अडकलेले असतात. त्या चकतीच्या पुढच्या बाजूला जिलबीसारखी गोल गोल फिरत जाणारी खाच असते आणि तिन्ही जॉ या खाचेत बसलेले असतात. कोणतेही एक भोक चावीने फिरवा, चकती फिरते आणि तिन्ही जॉ सारखेच आत किंवा बाहेर सरकतात. म्हणून गोल सळई आपोआप मधोमध पकडली जाते.

आता विचार करा. हाताचा सगळा जोर त्या लहान चौकोनी तोंडावर येतो. चावी भोकात बरोबर बसलेली असेल तर जोर चौकोनाच्या चारही सपाट बाजूंवर पसरतो. चावी ढिली असेल तर ती आधी भोकातच थोडी फिरते, मग तिचे फक्त कोपरे टेकतात आणि सारा जोर त्या चार धारांवर येतो. धार दबते, भोक गोल होते. चावी काही शे रुपयांत मिळते. आठ इंची नवा चक घ्यायचा तर तो चावीच्या कितीतरी पट महाग पडतो. सुटे पिनियन त्याच मेकचे मिळाले तर ठीक, नाही तर नमुन्यावरून बनवून घ्यावे लागते. म्हणून उस्तादांचा नियम असा, की झिजायचेच असेल तर चावीने झिजावे, चकने नाही.

इंच आणि मिलिमीटर

बिघाडाचे मूळ कुठे होते? उस्तादांनी व्हर्नियर लावला तर भोक १२.७ मिलिमीटर भरले. म्हणजे बरोबर अर्धा इंच. लेथ इंचाच्या काळातला आणि आम्ही आणलेली चावी मिलिमीटरची.

ही गोष्ट कापडवाल्याला तरी कळायला हवी होती. आमच्या वडिलांचा लोखंडी गज अजून दुकानात आहे. गज ३६ इंचांचा, म्हणजे ९१.४४ सेंटीमीटरचा. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढे बाजारात मीटर आला. पण शिंपी आजही छाती इंचात मोजतो आणि कापड मीटरमध्ये मागतो. गजाला मीटर समजून कापड घेतले तर दर मीटरमागे साडेआठ सेंटीमीटरची खोट बसते. हिंगोलीकरांनी तर मापाचा फरक रेल्वेतही भोगला आहे. पूर्णा-अकोला लाइन २००८ साली ब्रॉडगेज झाली, तोवर आपल्याकडे एक मीटर रुंदीचे रूळ होते आणि मोठी लाइन १.६७६ मीटरची. मोठ्या लाइनची गाडी धरायला मध्ये उतरावेच लागे.

चावीच्या बाबतीत फरक रेल्वेइतका मोठा नसतो, म्हणूनच तो फसवतो. पुढील मापे कागदावर लिहून गाळ्याच्या भिंतीवर लावावीत :

३/८ इंच म्हणजे ९.५३ मिलिमीटर. दहाची चावी आत जाणार नाही, नऊची ढिली पडेल.

७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर. येथे अकराची चावी छान बसते.

१/२ इंच म्हणजे १२.७० मिलिमीटर. बाराची आत जाईल, पण ०.७ मिलिमीटरची फट राहील. आमची फसगत झाली ती येथेच.

९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. चौदाची चावी बसते, पण थोडी हलते.

०.७ मिलिमीटर म्हणजे काही नाही, असे वाटते. पण अर्ध्या इंचाच्या भोकात बाराची चावी दोन्ही बाजूंना सुमारे साडेतीन अंश मोकळी फिरते. तीच चावी १२.६ मिलिमीटरची असेल तर जेमतेम अर्धा अंश फिरते. सटकणारी चावी आणि बसणारी चावी यांत फरक आहे तो एवढाच.

जुन्या लेथची चावी सहज का मिळत नाही

आपल्या देशात लेथ बनवण्याचे काम मोठ्या हिमतीने उभे राहिले. हरिहरला मैसूर किर्लोस्कर १९४१ साली सुरू झाली. सिकंदराबादला १९४३ साली प्रागा टूल्स निघाली. तेव्हा आपला भाग परभणी जिल्ह्यात आणि हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे तो कारखाना आपल्याच राज्यातला. प्रागाचे चक आजही जुन्या बाजारात दिसतात. बंगळूरला १९५३ साली एचएमटी स्थापन झाली. आपल्या लोकांना ती घड्याळांमुळे माहीत आहे, पण तिच्या नावाचा अर्थच हिंदुस्तान मशीन टूल्स. पुढे राजकोट, लुधियाना, बटाला येथेही लेथचे कारखाने वाढले.

यातली मैसूर किर्लोस्कर बंद पडली, प्रागा एचएमटीच्या छत्राखाली गेली. मशीन मात्र राहिले. चांगला लेथ पन्नास वर्षेही चालतो आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक वेळी मशीन ट्रकमध्ये चढते आणि पान्यांची पेटी कुठेतरी राहून जाते. शिवाय चकची चावी सर्वांची एक नसते. एकाच आठ इंची मापाच्या दोन मेकच्या चकांना दोन वेगळ्या चाव्या लागू शकतात. म्हणून "आठ इंची चकची चावी द्या" असे दुकानात सांगणे म्हणजे "एका माणसाच्या शर्टाचे कापड द्या" असे सांगण्यासारखे आहे.

चकशिवाय लेथला इतर पानेही लागतात. टूलपोस्टच्या चौकोनी डोक्याच्या बोल्टला चौकोनी भोकाचा पाना, टेलस्टॉक आवळायला मोठा पाना, असे बरेच. जुन्या विलायती मशीनच्या पान्यावर १/२ डब्ल्यू असे लिहिलेले सापडले तर त्याचे तोंड अर्ध्या इंचाचे समजू नका. व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली आट्यांचे माप ठरवले, त्या पद्धतीतला हा आकडा बोल्टच्या जाडीचा आहे. पान्याचे तोंड त्याहून बरेच मोठे असते. सारांश, छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा.

शोधावी कुठे

उस्तादांनी शोधण्याचा क्रम सांगितला तो असा.

पहिले, तिन्ही भोके तपासा. कारागीर सवयीने एकच भोक वापरतो, त्यामुळे एक झिजते आणि दोन चांगली राहतात. आमच्याही चकची दोन भोके शाबूत निघाली. खराब भोकाला लाल रंगाची खूण केली, म्हणजे त्यात चावी घालायची नाही. बिघडलेले पिनियन नमुन्यादाखल मुंबईला पाठवले होते, जुळणारे मिळाले नाही. चक तूर्त दोन भोकांवर चालतो.

दुसरे, व्हर्नियरने भोकाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर मोजा. तोंडाशी कोपरे झिजलेले असतात, म्हणून व्हर्नियरचे टोक आत घालून मोजा. खोलीही मोजा.

तिसरे, ज्याच्याकडून मशीन घेतले त्याला पुन्हा विचारा. जुन्या कारखान्याच्या एखाद्या कपाटात, रंगाच्या डब्यात चावी पडलेली असते. भंगारवाल्यालाही विचारावे.

चौथे, बाजार. आपल्याकडे बोहरी दुकानात हार्डवेअर मिळते. तेथे नसेल तर नांदेड, छत्रपती संभाजीनगर आणि शेवटी मुंबईची नागदेवी स्ट्रीट. मशीनच्या हत्यारांची ती जुनी पेठ आहे. मात्र मागताना चकचे नव्हे, चौकोनाचे माप सांगा.

पाचवा उपाय आम्हाला सर्वांत आवडला. उस्तादांनी शेजारच्या ट्रॅक्टर मेकॅनिककडून सॉकेट सेट मागवला. या सेटमध्ये टी-हँडल असते आणि त्याच्या टोकाला सॉकेट अडकवण्याचा चौकोन असतो. हे चौकोन आजही जगभर इंचातच बनतात : १/४, ३/८, १/२ आणि ३/४ इंच. अर्ध्या इंचाचा चौकोन आमच्या चकच्या भोकात अगदी नेमका बसला. आठ दिवस बंद असलेला लेथ तासाभरात चालू झाला. आमच्या दुकानापासून पन्नास पावलांवर जी वस्तू होती, तिच्यासाठी आम्ही नांदेडात चुकीचे पैसे मोजून आलो होतो.

या उपायात दोन गोष्टी जपाव्यात. त्या चौकोनाच्या एका बाजूला स्प्रिंगची लहान गोळी असते. सॉकेट पडू नये म्हणून ती असते, पण तिच्यामुळे चावी चकमध्ये अडकून राहू शकते. चावी अडकून राहणे म्हणजे अपघाताला बोलावणे. म्हणून चकसाठी ठेवायचे हँडल वेगळे करावे आणि गोळी ग्राइंडरवर घासून टाकावी. रॅचेटचे हँडल तर चकला कधीच लावू नये.

सहावा उपाय, एक माप मोठी चावी घेऊन ती उतरवणे. चौदाची चावी ग्राइंडरवर चारही बाजूंनी सारखी घासून १२.६ करता येते. घासताना वारंवार पाण्यात बुडवावी. लोखंडावर निळा रंग आला तर त्याचे पाणी उतरले असे समजावे.

बनवावी कशी

कायमची चावी मात्र उस्तादांनी भाच्याकडूनच करून घेतली. माल म्हणून ईएन-८ चा पंचवीस मिलिमीटर जाडीचा तुकडा घेतला. या पोलादात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो. मोडलेल्या ट्रॅक्टरच्या हाफ शाफ्टचीही चावी होते, पण उस्ताद म्हणाले, "भंगाराची जात कळत नाही." आमच्या कापडाच्या थानाच्या काठावर मिलचे नाव छापलेले असते. लोखंडावर तसे नसते. भंगार वापरायचेच तर ते आधी लालबुंद तापवून राखेत रात्रभर थंड होऊ द्यावे, म्हणजे कानस लागते.

चक तर दुरुस्तीसाठी खोलून टेबलावर ठेवलेला. मग तुकडा पकडायचा कशात? आम्हाला हे कोडे वाटले. उस्ताद हसले. त्यांनी तुकड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिल मशीनवर सेंटर मारून घेतले, लेथच्या दोन सेंटरांमध्ये तो अडकवला आणि कॅरियर बांधून फिरवला. चक येण्यापूर्वी लेथ असाच चालत असे. ज्या मशीनची चावी नाही, त्या मशीनने स्वतःची चावी स्वतःच तासून दिली. लेथला कारागीर सगळ्या मशीनची आई म्हणतात, त्याचा अर्थ आम्हाला त्या दिवशी समजला.

मापे अशी धरली. चौकोनाची बाजू १२.६ मिलिमीटर. चौकोनाचा कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो, म्हणजे १७.८. पण कोपरे अगदी धारदार ठेवले तर ते भोकाच्या कोपऱ्यात अडकतात. म्हणून टोक १७ मिलिमीटर गोल तासले. त्याची लांबी भोकाच्या खोलीइतकी. मागचा दांडा २२ मिलिमीटर ठेवला.

मग तुकडा व्हाइसमध्ये धरून कानस. १७ मधून १२.६ वजा केले की ४.४ उरतात. म्हणजे प्रत्येक बाजूने २.२ मिलिमीटर काढायचे. पहिली सपाट बाजू घासताना तिच्यापासून समोरच्या गोल पाठीपर्यंत व्हर्नियर लावत राहायचे. १४.८ आले की थांबायचे. मग नेमकी समोरची बाजू घासायची, १२.६ येईपर्यंत. त्यानंतर गुण्या लावून तिसरी बाजू पहिलीशी काटकोनात, पुन्हा १४.८ पर्यंत आणि शेवटी चौथी १२.६ पर्यंत. शेवटचा दशांश मिलिमीटर बारीक कानशीने आणि दर चार हातांनी भोकात लावून पाहत काढायचा. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना सुरुवातीला दिवसचे दिवस कानस चालवायला लावतात, तेव्हा ती कंटाळतात. त्या कंटाळ्याची किंमत अशा वेळी वसूल होते. भाच्याचा हात अजून दुखत होता, म्हणून हे काम दोन दिवस चालले. उस्तादांनी मदतीला हात लावला नाही, फक्त समोर बसून राहिले.

दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आडवे भोक पाडून त्यात साधी, मऊ लोखंडाची बारा मिलिमीटरची सळई घातली. लांबी सुमारे वीतभर. सळई मऊ का? जास्त जोर आला तर आधी ती वाकते आणि चकचे दाते वाचतात. लांब का नको? हँडल दुप्पट लांब केले की पिनियनवरचा पीळ दुप्पट होतो. याच कारणाने चावीवर पाइप चढवून जोर लावू नये आणि चौकोनी सळई भोकात घालून पाइप पान्याने फिरवण्याचा जुगाडही करू नये.

पाणी द्यावे का? लोहार विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देतो तसे चावीलाही देता येते. टोक लाल तापवावे. लोहचुंबक चिकटायचा थांबला की उष्णता ७७० अंशांच्या आसपास आली, त्याहून थोडे वर नेऊन तेलात बुडवावे. नंतर चकचकीत घासून दांड्याकडून पुन्हा गरम करावे. पिवळा, मग निळा रंग येतो. निळा जाऊन राखाडी झाला की थांबावे. हे दुसरे तापवणे चुकवले तर चावी काचेसारखी ठिसूळ राहते आणि तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. तेल पेटू शकते, म्हणून झाकण जवळ हवे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. उस्तादांचे मत असे पडले, की एका लेथच्या गाळ्याला ईएन-८ ची चावी पाणी न देताही पुरते. झिजली तर दुसरी करावी. आमची तशीच ठेवली आहे.

टूलपोस्टचा पाना याच्या उलट, त्याला चौकोनी भोक लागते. लोहार लोखंड लाल करून त्यात मापाचा चौकोनी ठोसा मारतो आणि भोक तयार होते. तेथेही ठोशाचे माप बोल्टचे डोके मोजूनच घ्यायचे.

चावी काढली, मग हात काढला

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लेथवरचे अपघात चावी ढिली असल्याने होतात, तसेच चावी चकमध्ये विसरल्यानेही होतात. कोणी बटण दाबले की ती चावी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. नियम एकच : चावी चकमध्ये असेपर्यंत हात तिच्यावरून सुटता कामा नये. शेजाऱ्याने हाक मारली, फोन वाजला, तरी आधी चावी बाहेर. उस्तादांनी आमच्या चावीच्या टोकामागे एक स्प्रिंगही घालून दिली आहे. हाताचा दाब सुटला की ती चावीला बाहेर ढकलते. चावी टांगायला हेडस्टॉकजवळ एक खुंटी ठोकली आहे. खुंटी रिकामी दिसली तर मशीन चालू करायचे नाही.

आणि कापडवाले म्हणून एक शब्द आमचाही ऐका. जुने सुती कापड मशीनमध्ये अडकले तर पुष्कळदा फाटते. आजचे पॉलिएस्टर, टेरिकॉट, होजिअरी फाटत नाही. ते माणसाला ओढून घेते. फिरत्या चकपुढे लांब बाह्यांचा कुर्ता, गळ्यातला रुमाल किंवा हातमोजे नकोत. बाह्या कोपराच्या वर असाव्यात, कपडा अंगाला नीट बसलेला असावा. हे कापड आम्हीच विकतो, तरी सांगतो.

हिशेब

शेवटी हिशेब मांडला. नांदेडची चावी वाया गेली, डॉक्टरांचे पैसे गेले, आठ दिवसांची मजुरी गेली, एक पिनियन बिघडले. नव्या चावीला लागला तो पोलादाचा एक तुकडा आणि दोन दिवसांची मेहनत. भागीदारीच्या वहीत नुकसानीची रक्कम आम्ही आमच्या वाट्यातून कापून लिहिली. भाचा नको म्हणत होता. पण सल्ला आमचा होता आणि ज्याने माप नाकारले त्यानेच तोटा सोसावा, हा बाजाराचा इन्साफ आहे.

जुने मशीन घेणाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे. पाहायला जाताना जाणकार कारागीर सोबत न्या. पैसे देण्याआधी चक, टूलपोस्ट, टेलस्टॉक प्रत्येकाला त्याची चावी लावून दाखवा म्हणावे, आणि नसतील त्या चाव्या किमतीतून वजा करा. पहिल्या खरेदीत एक व्हर्नियर असू द्या. आणि मुलगा "मामू, ढिली पडेल" म्हणाला तर त्याचे ऐका. मशीनसमोर तो उभा असतो, आपण नाही.

गेल्या आठवड्यात गाळ्यावर गेलो होतो. एक शाफ्ट चकमध्ये चढवला होता, चावी खुंटीवर होती. आमची ती बाराची चावीही भाच्याने फेकलेली नाही. शिकायला आलेल्या पोराला तो आधी ती भोकात घालून हलवून दाखवतो आणि मग दुसरी देतो.